आधी खोली, मग स्पीकर!

मित्रांनो, शीर्षक वाचून हा लेख हॉस्टेलच्या रूमबद्दल आहे असं वाटलं असेल, तर सॉरी! हा लेख चर्चबद्दल आहे. म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनागृहाबद्दल, जिथं वेदी असते, लाकडी बाकं असतात, प्रवचन होतं आणि सगळे मिळून गाणी म्हणतात. ते जुनं झालं, 'आवाज नीट येत नाही' अशा तक्रारी वाढल्या आणि नूतनीकरण करायचं ठरलं, की काय होतं आणि खरं तर काय व्हायला हवं, यावर मला थोडं बोलायचंय.

इंजिनीअरिंग कॉलेजच्या मासिकात चर्च कुठून आलं? कारण अगदी सरळ आहे. इतक्या ब्रँचेसची एकदम परीक्षा घेणारी दुसरी इमारत शोधून सापडणार नाही. सिव्हिलवाल्यांचं छत आणि प्लास्टर, मेकॅनिकलवाल्यांचे पंखे आणि एसीचे डक्ट, इलेक्ट्रिकलवाल्यांचं अर्थिंग, ई अँड टीसीवाल्यांचे माईक-स्पीकर, कॉम्प्युटरवाल्यांचं सिग्नल प्रोसेसिंग... सगळं एकाच हॉलमध्ये. आणि प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं, तरी शेवटच्या बाकावर बसलेल्या आजींना फादर काय म्हणाले ते कळलं नाही, तर अख्खा प्रोजेक्ट नापास. इथं केटी नाही, री-एक्झाम नाही. लोकांनी वर्षानुवर्षं थोडा थोडा दिलेला पैसा एकदाच खर्च होतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं : आवाजाचा प्रश्न हा बहुतेक वेळा मशीनचा प्रश्न नसतो, खोलीचा असतो. आणि खोलीला हात लावण्याआधी 'इथं नेमकं काय ऐकू यायला हवं?' हे ठरवावं लागतं. आपण मात्र नेमका उलटा प्रवास करतो. आधी अॅम्प्लिफायर विकत घेतो, मग स्पीकर टांगतो, मग खोली घुमते म्हणून वैतागतो, आणि काय ऐकायचं होतं हा प्रश्न शेवटपर्यंत कुणी विचारतच नाही.

एक ऑर्गन पाईप आणि काही उशा

या विषयाची सुरुवातच मुळी एका फसलेल्या हॉलपासून झाली. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग आर्ट म्युझियमचं नवं लेक्चर हॉल कुणालाच वापरता येईना. बोललेलं काही समजायचंच नाही. हे काम वॉलेस सॅबिन या फिजिक्सच्या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात पडलं. वय जेमतेम सत्तावीस. ध्वनिशास्त्राचा तो काही मोठा जाणकार वगैरे नव्हता. त्यानं एक ऑर्गन पाईप घेतला, वेळ मोजायचं यंत्र घेतलं आणि रात्री, बाहेरची रहदारी थांबल्यावर, पाईप वाजवून आवाज पूर्ण विरायला किती वेळ लागतो ते मोजायला सुरुवात केली. उत्तर आलं सुमारे साडेपाच सेकंद! मग शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या उशा आणून तो हॉलमध्ये रचत गेला. जितक्या उशा जास्त, तितका हा वेळ कमी. सगळीकडे उशा पसरल्यावर तो सेकंदाच्या आसपास आला.

एवढ्या साध्या सामानातून निघालेलं सूत्र आजही प्रत्येक अकॉस्टिक कन्सल्टंट वापरतो. निनादकाल (म्हणजे आवाज ६० डेसिबलनं उतरायला लागणारा वेळ) बरोबर ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण ध्वनिशोषण. बस्स. १९०० साली सुरू झालेलं बोस्टनचं सिम्फनी हॉल याच सूत्राच्या आधारानं बांधलं गेलं आणि आजही जगातल्या उत्तम संगीतगृहांत ते मोजलं जातं.

आता हे सूत्र एका मध्यम आकाराच्या चर्चला लावून बघूया. ३० मीटर लांब, १५ मीटर रुंद, १० मीटर उंच. घनफळ ४५०० घनमीटर. भिंती, छत आणि जमीन मिळून क्षेत्रफळ १८०० चौरस मीटर. दगड, प्लास्टर, लाद्या आणि लाकडी बाकं असतील तर सरासरी शोषणांक ०.०८ धरायला हरकत नाही. म्हणजे एकूण शोषण १४४. सूत्रात टाका, निनादकाल येतो पाच सेकंद. रविवारी तीनशे माणसं बसली आणि प्रत्येकानं (कपड्यांसकट!) ०.४५ चौरस मीटर एवढी भर घातली, की शोषण २७९ होतं आणि निनादकाल २.६ सेकंदांवर येतो.

बोलताना आपण सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरं उच्चारतो. म्हणजे पहिल्या अक्षराची शेपूट विरायच्या आत दहा-बारा अक्षरं त्याच्यावर येऊन पडतात. प्रवचनाची खिचडी होते ती अशी.

'मग आवाज वाढवा ना!' असं कुणीतरी म्हणणारच. इथंच खरी गोम आहे. वक्त्याच्या तोंडातून थेट कानावर येणारा आवाज अंतराबरोबर कमी होत जातो, पण भिंतींवर आपटून तयार झालेला निनाद हॉलभर जवळजवळ सारखाच पसरलेला असतो. एका ठराविक अंतरानंतर निनाद थेट आवाजापेक्षा मोठा होतो. आपल्या भरलेल्या चर्चसाठी हे अंतर येतं साधारण अडीच मीटर. हो, फक्त अडीच मीटर! ३० मीटरच्या हॉलमध्ये पहिल्या बाकानंतर सगळे निनादातच बसलेले आहेत. आता व्हॉल्यूम वाढवला तर काय होईल? थेट आवाज वाढेल आणि निनादही तेवढाच वाढेल. दोघांचं गुणोत्तर जिथल्या तिथं. गोंधळ तोच, फक्त जास्त मोठ्यानं. म्हणजे दुप्पट वॉटचा अॅम्प्लिफायर आणणं हे कळत नसलेलं पुस्तक मोठ्यानं वाचण्यासारखं आहे.

शोषण वाढवलं की झालं?

झालं असतं तर हा लेख इथंच संपला असता. निनादकाल दीड सेकंदावर आणायचा म्हटलं, तर हिशोबानं अडीचशे ते पावणेतीनशे चौरस मीटर चांगलं शोषक पॅनेल लागेल. म्हणजे छताच्या निम्म्याहून जास्त भाग. पैसे असतील तर लावता येईल. पण लावावं का?

चर्चमध्ये फक्त भाषण नसतं. ऑर्गन असतो, कॉयर असतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाकांवर बसलेले साधे लोक गात असतात. ऑर्गनचं संगीतच मुळी लांब निनादाच्या खोल्या गृहीत धरून रचलेलं आहे. आणि साध्या लोकांचं काय? खोली पार 'मेली' की प्रत्येकाला फक्त स्वतःचाच आवाज ऐकू येतो. शेजारच्याचा येत नाही. आपण एकटेच बेसूर गातोय असं वाटतं आणि माणूस हळूच गप्प बसतो. थोडा निनाद असला की आवाज एकमेकांत मिसळतात आणि भित्रा माणूसही तोंड उघडतो. बाथरूममध्ये आपण सगळे किशोरकुमार का होतो, याचं उत्तर हेच!

म्हणजे प्रवचनाला कोरडी खोली हवी, गाण्याला ओली हवी. दोघंही एकाच छताखाली, एकाच तासात. हा वाद नवीन नाही. त्याचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातलं ड्यूक विद्यापीठाचं चॅपेल.

हे चॅपेल १९३२ साली बांधून झालं. दिसायला युरोपातल्या जुन्या गॉथिक कॅथेड्रलसारखं, पण आतली टाइल वेगळी. तिचं नाव अकॉस्टोलिथ. वर सांगितलेला सॅबिन आणि कमानींचं बांधकाम करणारा राफाएल ग्वास्ताविनो (धाकटा) या दोघांनी मिळून ती १९१०च्या दशकात तयार केली. दिसते दगडासारखी, पण आतून सच्छिद्र, त्यामुळे आवाज पिते. त्या काळात विजेवर चालणारे माईक-स्पीकर आजच्यासारखे नव्हते. प्रवचन कळावं हीच मोठी गरज होती, आणि दगडी चर्चचा देखावा न बिघडवता निनाद कमी करणारी ही टाइल म्हणजे त्यावरचं त्या पिढीचं उत्तर होतं. पुढं १९७६ साली तिथं फ्लेन्ट्रॉप या डच कंपनीचा मोठा ऑर्गन बसवला गेला. ऑर्गनला निनाद हवा. मग काय केलं? ज्या टाइल्स मुद्दाम सच्छिद्र बनवल्या होत्या, त्यांच्यावर सीलंटचा थर देऊन ती छिद्रं बुजवली! निनाद वाढला, ऑर्गन खुलला, आणि बोललेलं कळण्याची सगळी जबाबदारी स्पीकरवर येऊन पडली.

यात मूर्ख कोण? माझ्या मते कुणीच नाही. १९३२च्या लोकांनी आपल्या गरजेप्रमाणे केलं, १९७६च्या लोकांनी आपल्या. पण यातून एक गोष्ट पक्की कळते. 'चांगलं अकॉस्टिक्स' असं काही स्वतंत्रपणे नसतंच. कशासाठी चांगलं, हे आधी सांगावं लागतं. आणि ते सांगणं हे इंजिनीअरचं एकट्याचं काम नाही. ते तिथं बसणाऱ्या लोकांचं काम आहे. आपलं काम आहे ते त्यांना विचारणं, आणि प्रत्येक पर्यायात काय मिळेल आणि काय जाईल हे न लपवता सांगणं.

भाषा बदलली, खोली तीच राहिली

कॅथलिक चर्चच्या बाबतीत तर हा प्रश्न एका तारखेपासून अचानक मोठा झाला. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली. १९६३च्या डिसेंबरमध्ये तिनं उपासनेविषयी जो दस्तऐवज संमत केला, त्यानं लॅटिनच्या जोडीला लोकांच्या भाषांना दार उघडलं. तोपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होती. शब्द न् शब्द कळणं ही बहुतेकांची अपेक्षाच नव्हती. लांब निनादात लॅटिनचे संथ सूर छान तरंगायचे. आता मिस्सा लोकांच्या भाषेत आली. आपल्या वसईत ती मराठीत आली. भाषा कळायला लागली, म्हणून शब्द ऐकू येणं गरजेचं झालं! पण इमारती होत्या त्याच. लॅटिनसाठी ज्या खोल्या चालून गेल्या, त्याच खोल्यांत आता मराठी, कोंकणी, इंग्रजी वाचन समजायला हवं होतं. ऑर्डर बदलली, हार्डवेअर जुनंच.

याचा अर्थ जुन्या लोकांना हे कळत नव्हतं असा मुळीच नाही. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बॅसिलिकात (अभिषेक १६०५) कधी गेलात तर कोरीव लाकडी प्रवचनपीठ कुठं आहे ते नीट बघा. ते पुढं वेदीपाशी नाही, बाजूच्या भिंतीवर, लोकांच्या मध्यभागी आहे. वर लाकडी छत्रही आहे. बहुतेक पर्यटक नक्षीकामाचा फोटो काढून पुढं जातात. पण इंजिनीअरच्या नजरेनं बघितलं तर काय दिसतं? आवाजाचा उगम ऐकणाऱ्यांच्या जवळ आणलाय, आणि वर उंच छताकडे वाया जाणारा आवाज छत्रानं खाली वळवलाय. थेट आवाज वाढवला, निनाद वाढवला नाही. वीज नाही, वायर नाही, मेंटेनन्स नाही. चारशे वर्षांपूर्वीचं हे उत्तर आजच्या कित्येक कोटेशन्सपेक्षा शहाणपणाचं आहे.

काचेच्या घरातलं नूतनीकरण

गरज बदलली की खोली बदलावी लागते, याचं आपल्या काळातलं मोठं उदाहरण कॅलिफोर्नियात गार्डन ग्रोव्ह इथं आहे. फिलिप जॉन्सन या नामवंत आर्किटेक्टनं तिथं 'क्रिस्टल कॅथेड्रल' बांधलं, १९८० साली. भिंती आणि छत मिळून दहा हजारांहून जास्त काचा! रॉबर्ट शुलर या धर्मोपदेशकाचा 'अवर ऑफ पॉवर' हा टीव्ही कार्यक्रम इथूनच जगभर जायचा. पुढं २०१० साली ती संस्था दिवाळखोरीत गेली आणि २०१२ साली ऑरेंजच्या कॅथलिक धर्मप्रांतानं ही वास्तू ५ कोटी ७५ लाख डॉलरना विकत घेतली.

आता अडचण बघा. इमारत जगप्रसिद्ध, पण ती टीव्हीवरच्या प्रवचनासाठी बांधलेली. नव्या मालकांना हवी होती कॅथलिक उपासना : मध्यावर वेदी, शांतता, वाचन, कॉयर. काच म्हणजे मध्यम आणि वरच्या फ्रिक्वेन्सीच्या आवाजासाठी जवळजवळ आरसाच. वर ऊन, तिरीप आणि उकाडा हे बोनस. मग आतून काचांच्या खाली सुमारे अकरा हजार पांढऱ्या, धातूच्या त्रिकोणी पाकळ्या बसवल्या. त्या वेगवेगळ्या कोनांत उघडलेल्या आहेत. ऊन, उष्णता आणि आवाज या तिन्हींचा विचार एकाच वस्तूत केला. सोळा हजारांवर पाईप्स असलेला तिथला प्रचंड ऑर्गन सुटा करून इटलीतल्या कारागिरांकडे दुरुस्तीला पाठवला. १७ जुलै २०१९ला 'ख्राइस्ट कॅथेड्रल' या नावानं वास्तू पुन्हा खुली झाली. दुरुस्त झालेला ऑर्गन पूर्णपणे ऐकू यायला तर २०२२ उजाडलं.

मला यात आवडलेली गोष्ट पैशाची किंवा झगमगाटाची नाही. इथं लाईट, एसी आणि साउंड अशी तीन वेगळी टेंडर काढून तीन कंत्राटदारांनी एकमेकांच्या कामाला भोकं पाडली, असं झालेलं नाही. पाकळी एकच आहे. तिच्यात सगळ्या ब्रँचेस आहेत. आपल्या प्रोजेक्टमध्ये दुसऱ्या ब्रँचचा मेंबर घ्यायचा म्हटला तरी आपल्या कपाळावर आठ्या पडतात!

मग मशीनचं काहीच काम नाही का?

आहे, आणि भरपूर आहे. हरकत त्यांच्या क्रमाला आहे. खोलीबद्दल विचार झाल्यावर, जे खोलीला जमत नाही ते मशीननं करायचं. त्यातही मोठा आवाज करणारं मशीन नको, योग्य दिशेला आवाज पाठवणारं हवं.

लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलचं उदाहरण घ्या. रिकामं असताना तिथला निनाद दहा सेकंदांहून जास्त. त्या घुमटाला आणि भिंतींना कुणी फोम चिकटवू शकत नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पार्किन आणि टेलर या दोघांनी तिथं उंच, सडपातळ कॉलम स्पीकर लावले. एकावर एक रचलेल्या स्पीकरचा आवाज वर-खाली फार पसरत नाही, पट्ट्यासारखा समोर जातो. म्हणजे घुमटाला आवाज मिळत नाही, माणसांना मिळतो. शिवाय मागच्या स्पीकरना आवाज मुद्दाम उशिरा दिला. का? ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, पण वायरीतून सिग्नल मात्र क्षणात पोचतो. वेदीपासून २० मीटरवर लावलेला स्पीकर फादरच्या मूळ आवाजाच्या ५९ मिलिसेकंद आधीच बोलून मोकळा होतो! तेवढा आणि वर थोडासा जास्त विलंब दिला, की मूळ आवाज आधी पोचतो आणि कानाला वाटतं की आवाज वेदीकडूनच येतोय. याला हास इफेक्ट म्हणतात. सेंट पॉलमध्ये हा विलंब फिरत्या चुंबकीय रेकॉर्डिंगनं मिळवला होता. आज तेच काम एक छोटी चिप करते. कल्पना मात्र तीच.

आपल्या ४५०० घनमीटरच्या चर्चचं गणित पुन्हा करा. साध्या, सगळीकडे आवाज फेकणाऱ्या उगमाला अडीच मीटरची मर्यादा होती. दहापट दिशात्मक स्पीकर घेतला तर ती साडेसात मीटरच्या पुढं जाते. तेवढ्याच वॉटमध्ये! म्हणून स्पीकर घेताना 'किती वॉटचा?' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न : 'आवाज कुठं फेकतो आणि कुठं फेकत नाही?'

बाकी ज्या गोष्टी कोटेशनमध्ये सहसा नसतात, त्या थोडक्यात सांगतो.

पंखे. आपल्याकडे चर्चमध्ये छताचे किंवा भिंतीवरचे पंखे असतात आणि खिडक्या रस्त्याकडे उघड्या. खडखडणारा पंखा बदलणं हे नव्या मिक्सरपेक्षा स्वस्त आणि बऱ्याचदा जास्त उपयोगी. एसी बसवणार असाल तर हवा संथ वाहील इतके मोठे डक्ट घ्या. नाहीतर उकाडा गेला आणि घोंघाट आला, अशी गत.

फरशी आणि भिंती. नूतनीकरण म्हटलं की आपल्याकडे पहिलं सुचतं ते चकचकीत ग्रॅनाईट आणि टाइल्स. दिसायला सुरेख, ऐकायला काच. उलट टोकाला जाऊन सगळीकडे कार्पेट घातलं, तर ते फक्त वरच्या फ्रिक्वेन्सी खातं आणि खालचा 'बूम' तसाच राहतो. बाकांना जाड गाद्या लावल्या तर एक फायदा असा, की माणसं कमी असोत वा जास्त, निनाद फारसा बदलत नाही.

माईक. उघडे माईक दुप्पट केले, की शिट्टी वाजायच्या आधी मिळणारा गेन ३ डेसिबलनं कमी होतो. आठ माईक सतत चालू ठेवले तर ९ डेसिबल गेले. तेव्हा ज्याची गरज नाही तो माईक बंद! यासाठी एक रुपयाही लागत नाही.

आणि शेवटचं, पण माझ्या मते सगळ्यात पहिलं : इंडक्शन लूप. जमिनीत किंवा कडेनं फिरवलेली एक वायर, एक खास अॅम्प्लिफायर, आणि ज्यांच्या श्रवणयंत्रात 'टी' कॉइल असते त्यांच्या कानात माईकचा आवाज थेट पोचतो. निनाद मधे येतच नाही. चर्चमध्ये नियमानं येणाऱ्यांत वयस्क माणसं किती असतात ते एकदा डोळ्यांनी मोजा. फरशी उखडलेली असताना ही वायर टाकणं सोपं आहे. टाइल्स बसल्यावर कमिटीला आठवण झाली, तर कुणी पुन्हा फोडणार नाही. म्हणून हा निर्णय पहिल्या मीटिंगमध्ये व्हायला हवा.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप : जुन्या, वारसा म्हणून जपलेल्या वास्तूत खोलीला हात कसा लावणार? बरोबर आहे. तिथं लावूच नये. सेंट पॉलमध्ये तेच केलं. पण 'हात लावायचा नाही' हे ठरवण्यासाठीसुद्धा खोली समजून घ्यावी लागते. ती मोजावी लागते. पॅरिसच्या नोत्र दामचं बघा. २०१३ साली ब्रायन कात्झ आणि सहकाऱ्यांनी तिथलं अकॉस्टिक्स मोजून ठेवलं होतं, निव्वळ संशोधन म्हणून. १५ एप्रिल २०१९ला आग लागली, छत कोसळलं, कमानींना भगदाडं पडली. मग त्या जुन्या मोजमापांना सोन्याची किंमत आली. आधीचा आवाज कसा होता याची नोंद हातात होती, त्यामुळे दुरुस्तीच्या काळात तुलना करता आली. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं. आपल्याकडच्या किती चर्चेसची, मंदिरांच्या सभामंडपांची, नाट्यगृहांची अशी मोजमापं कुणी करून ठेवली आहेत?

दुसरा आक्षेप : एवढे पैसे कुठून आणायचे? माझं उत्तर असं, की पैसे नाहीत म्हणूनच आधी विचार करा. स्पीकर आणि मिक्सर दहा-पंधरा वर्षांत जुने होतात, छत आणि भिंती पन्नास वर्षं राहतात. तुटपुंजा पैसा आधी कुठं घालायचा, हे यातच आलं. आणि मोजायला लागतं काय? एक फुगा फोडायचा, लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचं आणि आवाज किती वेळात उतरतो त्याचा ग्राफ काढायचा. थर्ड इयरच्या कुठल्याही ग्रुपला शनिवारी दुपारी जमेल असं हे काम आहे. सॅबिनकडे तर लॅपटॉपही नव्हता.

आपण यात कुठं?

उद्या आपल्यापैकी कुणीतरी सेल्स इंजिनीअर होईल, कुणी कन्सल्टंट, कुणी आपल्याच गावच्या ट्रस्टचा 'तो इंजिनीअर मुलगा, त्याला विचारा'. कमिटीतले काका येतील आणि म्हणतील, 'बाळा, चांगली साउंड सिस्टीम सुचव.' तेव्हा कॅटलॉग उघडणं सगळ्यात सोपं. त्यात कमिशनही असतं. पण त्या वेळी विचारायचं एवढंच : 'काका, तुम्ही मागच्या बाकावर कधी बसलात? तिथून काय ऐकू येत नाही, प्रवचन की गाणी? भरलेल्या हॉलमध्ये की रिकाम्या? पंखे चालू असताना की बंद असताना?' या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्मं डिझाईन झालं. उरलेलं निम्मं सूत्रात आहे.

आणि हे फक्त चर्चपुरतं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. गॅदरिंगला दरवर्षी भाड्यानं आणलेल्या स्पीकरची भिंत उभी राहते, आणि निवेदक काय बोलला ते दहाव्या रांगेत कळत नाही, हे कुठल्याही कॉलेजात जाऊन बघा. रोग तोच आहे. औषधही तेच.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुठल्याही मोठ्या हॉलमध्ये शिरलात की आधी एक टाळी वाजवा आणि मनात आकडे मोजा. मग शेवटच्या रांगेत जाऊन बसा आणि पाच मिनिटं फक्त ऐका. पटलं तर कळवा, नाही पटलं तर वाद घालायला कट्ट्यावर या. फक्त जरा जवळ येऊन बोला... कट्टा उघड्यावर आहे, तिथं निनाद नाही!